डिस्क की रिम? रोड सायकलच्या ब्रेकची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पहिलीच रोड सायकल घेतोय. मित्रांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, डिस्कशिवाय घेऊच नकोस, निम्म्या अंतरात थांबते. दुसरा म्हणतो, डिस्क म्हणजे उगाच वजन आणि कटकट, इतकी वर्षं लोक रिम ब्रेकवरच घाट उतरले. कोणाचं ऐकू?

निम्म्या अंतरात थांबते, हे कोरड्या रस्त्यावर खरं नाही. का खरं नाही, तेवढं एकदा नीट समजून घ्या. पुढचे बरेच गोंधळ त्यातच मिटतात.

ब्रेक अडवतो ते चाकाला : रिम ब्रेकचे रबरी पॅड चाकाची कड, म्हणजे रिम आवळतात, तर डिस्क ब्रेकचे पॅड चाकाच्या मध्याशी, हबजवळ बसवलेली पोलादी चकती, म्हणजे रोटर. सायकलीला अडवतो तो टायर, तोही रस्त्याला टेकलेल्या अंगठ्याएवढ्या जागेतून. पुढचा ब्रेक जोरात दाबला की तुमचं वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होत जातं आणि एका क्षणी जमीन सोडतं. सपाट, कोरड्या रस्त्यावर ही हद्द गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पटीच्या आसपास येते. म्हणजे ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला साधारण १० मीटर लागणार. चांगल्या रबराचा, नीट जुळवलेला ड्युअल पिव्हट, म्हणजे दोन खिळींवर फिरणारा, रिम ब्रेक मागचं चाक आरामात उचलतो. डिस्कही उचलतो. त्यापुढे ब्रेकमध्ये आणखी कितीही जोर असला तरी तो खर्च करायला जागाच उरत नाही.

मग डिस्कचा फायदा कुठे? पहिला आणि सर्वांत मोठा, पाण्यात. भर पावसात रिम ब्रेक दाबा आणि लक्ष देऊन पाहा. लिव्हर हाताला लागलेली असते, पॅड रिमला टेकलेले असतात, तरी सायकल तशीच पुढे घसरत राहते. पॅड आधी रिमवरचं पाणी पुसत असतात. चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे २.१ मीटर. पुसण्यात दोन फेरे गेले तर ४ मीटर हातातून गेले, आणि मग ब्रेक एकदम पकडतो, तेव्हा नवखा माणूस दचकून आणखी जोरात दाबतो. रोटर जमिनीपासून उंच, हबजवळ असतो. त्याला भोकं असतात, पॅड त्याला जेमतेम केसभर अंतरावर असतात. शिवाय रोटर लहान असल्यामुळे चाक तेवढंच रोखायला पॅडला रिमच्या मानाने चौपटीहून अधिक जोराने आवळावं लागतं. त्या दाबाखाली पाणी फार वेळ टिकत नाही. डिस्क पावसात कमजोर होतच नाही असं नाही, पण ती कोरड्यासारखीच वागेल हा भरवसा ठेवता येतो, आणि मला त्या भरवशाची किंमत मोठी वाटते.

दुसरा फायदा टायरच्या रुंदीचा. रिम ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड आवळणारा भाग, टायरला वरून मिठी मारून बसतो, त्यामुळे टायर किती जाड घेता येईल हे तोच ठरवतो. बऱ्याच रोड सायकलींत २५ किंवा फार तर २८ मिलिमीटरला गोष्ट संपते. डिस्कमध्ये तो अडथळाच नाही, आजच्या बऱ्याच डिस्क सायकलींत ३२ किंवा त्याहून रुंद टायर सहज बसतो. खराब रस्त्यावर रुंद टायर आणि थोडी कमी हवा यांनी जेवढा आराम आणि पकड मिळते, तेवढी कुठल्याही महागड्या सुट्या भागाने मिळत नाही. उष्णतेचा तिसरा मुद्दा खालच्या प्रश्नात येतोय.

पहिलीच सायकल असेल, पावसात चालवणार असाल, घाट वाटेत असतील, तर हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी, डिस्क घ्या. सपाट रस्ता, बहुतेक कोरडं हवामान आणि सगळं स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची हौस असेल, तर चांगली रिम ब्रेकची सायकल मिळाल्यास बिनधास्त घ्या. एकच सौदा टाळा. केवळ डिस्क हा शब्द दिसला म्हणून भिकार डिस्क ब्रेकची सायकल, चांगल्या रिम ब्रेकची सोडून.

प्रश्न : माझं वजन ९२ किलो. कार्बन रिम आहेत, ब्रेक रिमचेच. लांब उतारावर मी भीतीने सतत ब्रेक धरून हळू उतरतो. परवा खाली पोचल्यावर जळका वास आला आणि रिमला हात लावला तर चटका बसला. काळजीचं कारण आहे का?

आहे. आणि ही काळजी पुढच्या उतारावर जाण्याआधी करायची आहे.

थोडं गणित करू. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या, सगळं मिळून १०५ किलो धरू. ६०० मीटर उंचीवरून खाली आलात की सुमारे ६१७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती जिरवणारे तिघेच आहेत : वारा, टायरचं घर्षण आणि ब्रेक. ७ टक्क्यांच्या उतारावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने उतरलात तर वारा फारसं काही खात नाही, आणि ब्रेकवर जवळपास ४०० वॉटचा भार सतत पडतो. दोन चाकांत मिळून ४०० वॉटची शेगडी वीस मिनिटं पेटती ठेवण्यासारखं आहे हे. तोच उतार ताशी ५० ने उतरलात तर बराच भार वारा उचलतो आणि वेळही निम्मा लागतो, त्यामुळे ब्रेकमध्ये जाणारी एकूण उष्णता निम्म्याहूनही कमी होते. भीतीने सतत धरून ठेवलेला ब्रेकच सर्वांत जास्त तापतो, तो असा.

ॲल्युमिनियमची रिम ही उष्णता पटकन पसरवते आणि हवेला देऊन टाकते. कार्बनची रिम तसं करत नाही, उष्णता पॅडखालच्या पट्टीतच साचत जाते. कार्बनचे धागे तापमानाला दाद देत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारं रेझिन एका तापमानानंतर मऊ पडतं. आत टायरचा दाब बाहेर ढकलत असतो. मग रिमची कड फुगते, थर सुटतात, किंवा त्याआधीच आतली ट्यूब फुटते. पुढचं चाक असेल तर पुढचं सांगायला नको.

आता करायचं काय ते सांगते. दोन्ही रिम उतरवा, स्वच्छ पुसा आणि ब्रेकच्या पट्टीवरून बोट सावकाश फिरवा. कुठे फुगवटा, लाटेसारखा उंचसखलपणा, भेग किंवा रंग बदललेला डाग लागला तर ते चाक संपलं, त्याला पुन्हा रस्त्यावर नेऊ नका. रिम धडधाकट असेल तर रिम बनवणाऱ्याने सांगितलेलेच पॅड वापरा, आणि ॲल्युमिनियमच्या रिमवर आधी वापरलेले पॅड कार्बनला अजिबात लावू नका. त्यांत रुतलेले धातूचे कण कार्बनला ओरबाडतात. लॅटेक्सची ट्यूब असेल तर काढून साधी ब्यूटाइलची घाला.

उतरण्याची पद्धतही बदला. हात खाली, ड्रॉपवर, म्हणजे हँडलबारच्या खाली वळलेल्या भागावर. सरळ तुकड्यावर सायकल मोकळी सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ दाबा, वळणात शिरताना सोडून द्या. मधल्या सुट्टीत रिमला वारा लागतो. ताशी ५० चा आकडा मी गणितासाठी दिला, तो गाठायलाच हवा असं नाही. वेग तुम्हाला झेपेल तेवढाच ठेवा, पण तो दाबून-सोडून ठेवा, धरून नको. उतार फार लांब असेल तर मध्ये थांबा. थांबण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आणि घाट तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल, तर तुमच्यासाठी उत्तर डिस्क हेच आहे. डिस्कही तापते, किंबहुना रोटर रिमपेक्षा लवकर तापतो. १२० ग्रॅमच्या आसपासची ती पोलादी चकती, एकाच जोरदार ब्रेकमध्ये तिचं तापमान कित्येक अंशांनी उडी मारतं. पण ती उष्णता टायर आणि ट्यूबपासून दूर, हबजवळ राहते, आणि तिथून हवेत जाते. डिस्क घेताना पुढे-मागे दोन्हीकडे १६० मिलिमीटरचा रोटर घ्या, १४० चा तुमच्या वजनाला अपुरा आहे. उतरताना लिव्हर एकाएकी मऊ लागायला लागली तर थांबा, ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या रोटरवर पाणी ओतू नका, तो वाकडा होतो. बोटही लावू नका.

प्रश्न : नवी डिस्क ब्रेकची सायकल. पहिले दोन महिने छान गेले, आता ब्रेक दाबला की अशी किंचाळते की लोक वळून बघतात. पॅड बदलले, चार दिवसांत पुन्हा तेच. रोटर खराब आहे का?

बहुधा रोटरवर तेल आहे, आणि ते बहुधा तुमच्याच हातून गेलंय. चेनला तेल कसं घालता? स्प्रेच्या डब्यातून फवारत असाल तर कारण सापडलं. तो बारीक तुषार मागच्या रोटरवर बसतो, दिसत नाही. रोटरवरून तो पॅडमध्ये मुरतो. तुम्ही पॅड नवे घातलेत पण रोटर तसाच ठेवलात, म्हणून चार दिवसांत नवे पॅडही तेलकट झाले.

चाक काढा. स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रोटरच्या दोन्ही बाजू पुसा, मग कापडाचा कोरा भाग घेऊन पुन्हा पुसा, कापड काळं पडायचं थांबेपर्यंत. रोटरच्या पट्टीला बोट लावायचं नाही, त्वचेचं तेलही पुरतं. सध्याचे पॅड बाहेर काढून बघा. पृष्ठभाग नुसताच काचेसारखा चकचकीत झाला असेल तर सपाट जागी ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून तो वाचतो. तेल आत मुरलेलं असेल तर घासून, भाजून, कशानेही ते पूर्ण निघत नाही. टाकून द्या. ब्रेकच्या पॅडवर मन घट्ट करायला शिकलं पाहिजे.

नंतर येतं ते काम बहुतेक जण गाळतात : पॅड बसवणं, म्हणजे बेडिंग-इन. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी २०-२५ किलोमीटरपर्यंत वेग घ्या आणि एकच ब्रेक एकसारखा दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या. चाक अडकू द्यायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. असं वीसेक वेळा पुढच्या ब्रेकने, वीसेक वेळा मागच्या. सुरुवातीला पकड गुळगुळीत लागते, दहाव्या-बाराव्या वेळेला लिव्हरमध्ये फरक जाणवू लागतो, जणू कोणीतरी हळूहळू दोरी आवळतंय. पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर रोटरवर चढल्याची ती खूण. तो थर ठिगळासारखा चढला की थरथर आणि किंचाळणं सुरू होतं.

एवढं करूनही आवाज राहिला तर कॅलिपर सरळ आहे का पाहा. त्याच्यामागे पांढरा कागद धरा आणि समोरून वाका. रोटरच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ सारखी दिसली पाहिजे. एकीकडे रेघच नसेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून, पुन्हा आवळा. पॅड मेटलचे असतील तर ते थोडा आवाज करतातच. उष्णता जास्त सोसतात, चिखलपाण्यात जास्त टिकतात, त्याची ती किंमत. शांतता हवी असेल तर रेझिनचे घ्या. मात्र मेटलचे घालण्याआधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा, काही रोटर फक्त रेझिनच्या पॅडसाठीच असतात.

आणि इथून पुढे चेनला तेल थेंबाथेंबाने.

प्रश्न : चाक काढून सायकल गाडीत घातली. कोणाचा तरी हात लागून लिव्हर दाबली गेली. आता चाक आत जातच नाही!

घाबरू नका, मोडलेलं काही नाही. मध्ये रोटर नसताना लिव्हर दाबल्यामुळे पॅडना ढकलणारे पिस्टन पुढे आले आणि पॅड एकमेकांना भिडले. पॅड काढा, प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने पिस्टन सावकाश, सरळ मागे ढकला. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, काही पिस्टन सिरॅमिकचे असतात, कड उडते. पॅड परत घाला, चाक बसवा, लिव्हर चार-पाच वेळा दाबा. पुढच्या वेळी चाक काढलं की दोन पॅडच्या मध्ये पट्टी सरकवून ठेवायची. नव्या सायकलीबरोबर मिळते ती पिवळी किंवा लाल प्लॅस्टिकची पट्टी याच कामाची असते, आणि बहुतेक जण तीच फेकून देतात.

प्रश्न : बाबांची तीसेक वर्षांची पोलादी रोड सायकल माळ्यावरून काढली. फ्रेम अजून सुंदर आहे, पण ब्रेक लागतच नाहीत म्हणावं इतके वाईट. याच फ्रेमला डिस्क ब्रेक बसवून घेता येतील का?

बसवू नका. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी नको.

रिम ब्रेकचा जोर फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाच्या, वरच्या खांद्यावर येतो, जिथे तो सर्वांत भक्कम असतो. डिस्कचा जोर येतो डाव्या पायाच्या टोकाशी, चाकाच्या आसाजवळ. तुमच्या बाबांच्या सायकलीचा फोर्क तिथे मुद्दाम निमुळता केलेला आहे, कारण त्या काळी तिथे असा जोर येणारच नव्हता. दुसरी भीती आसाची. फोर्कच्या मागच्या अंगाला डिस्कचा कॅलिपर असला की ब्रेक दाबताना चाकाचा आस खाली, खाचेबाहेर ढकलला जातो. म्हणूनच आजच्या डिस्क सायकलींना १२ मिलिमीटरचा, दोन्ही पायांतून आरपार जाणारा थ्रू ॲक्सल असतो. तो या फ्रेमला बसत नाही. हब वेगळे, लिव्हर वेगळ्या, चाकं वेगळी. सगळं बदलल्यावर बाबांचं त्यात काय उरलं?

त्यापेक्षा तेच ब्रेक ठणठणीत करा. आधी चाकाजवळ लोहचुंबक न्या. रिमला चिकटला तर रिम क्रोम चढवलेल्या पोलादाच्या आहेत. त्या पावसात जवळजवळ थांबतच नाहीत, तिथे दुसरं काही करण्यात अर्थ नाही. ॲल्युमिनियमच्या रिमची चाकं करून घ्या. फरक पाहून तुम्ही थक्क व्हाल. कॅलिपर एकाच खिळीवर फिरणारा जुना सिंगल पिव्हट असेल तर ड्युअल पिव्हट घाला, मात्र आधी माप घ्या : ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या पट्टीच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर. बऱ्याच जुन्या फ्रेमना ४७ ते ५७ मिलिमीटरचा लांब पोच असलेला लागतो. केबल आणि तिचं बाहेरचं आउटर, दोन्ही नवं. तीस वर्षांच्या आउटरमध्ये आत गंज असतो, तुमच्या हाताचा निम्मा जोर तो वाटेतच खातो.

रिम आधीपासूनच ॲल्युमिनियमच्या असतील तर त्या किती झिजल्यात हे तपासल्याशिवाय सायकलवर बसू नका. पोलादी पट्टी रिमच्या ब्रेकच्या भागावर आडवी टेकवा आणि उजेडाकडे धरून पाहा. पट्टीच्या खालून चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर भिंत झिजून खोलगट झालेली आहे. माझ्या स्वतःच्या एका सायकलीची ही कोर मी दिसूनही सोडून दिली होती. एका सकाळी मागच्या चाकात हवा भरत असताना रिमची कड बोटभर लांबीची अशी उलटी फाकली आणि टायर बंदुकीसारखा वाजला. मी उभी होते, सायकल उभी होती. तेच उतारावर झालं असतं तर, हा विचार कितीतरी दिवस डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून कोणाचीही सायकल हातात आली की मी आधी रिमवर पट्टी ठेवते.

पॅड नवे घाला, आणि बसवताना त्यांचं पुढचं टोक मागच्यापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर आधी रिमला टेकेल असं ठेवा. किंचाळणं थांबतं. पॅड टायरला कुठेही शिवता कामा नये. दर महिन्या-दोन महिन्यांनी पॅड बाहेर काढून पाहा. काळ्या रबरात बारीक चमक दिसेल, रिममधून निघालेले ॲल्युमिनियमचे कण. सुईने एकेक उचकटून काढा. ते ठेवले तर पॅड कानशीसारखा रिम खरवडत राहतो.

प्रश्न : माझे हात लहान आहेत. रिम ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं नीट पोचत नाहीत, लांब उतारावर मनगट आणि अंगठ्याचं मूळ इतकं दुखतं की मी उतारच टाळते. सगळे म्हणतात सवय होईल. दोन वर्षं झाली, झाली नाही.

सवय होण्याची वाट पाहू नका. सायकल तुमच्या हाताला जुळवून घ्यायची असते, हात सायकलीला नव्हे.

लिव्हर जवळ आणण्यासाठी बहुतेक आधुनिक ब्रेक लिव्हरमध्ये छोटा स्क्रू असतो, रबरी टोपणाखाली किंवा लिव्हरच्या मुळाशी. अर्धा-अर्धा फेरा फिरवत, दोन बोटांचं पहिलं पेर लिव्हरवर सहज वळेल इतकी ती जवळ आणा. मग ब्रेक पूर्ण दाबून पाहा. लिव्हर हँडलबारला टेकण्याआधी चाक घट्ट अडकलं पाहिजे. टेकत असेल तर केबल ताणून घ्या.

हात कुठे ठेवता यानेही फार फरक पडतो. वर, हुडवरून, म्हणजे लिव्हरच्या रबरी मुठीवरून, ब्रेक धरला की बोटं लिव्हरच्या खिळीजवळ पडतात, तरफ आखूड होते, जोर जास्त लागतो. ड्रॉपवर गेलात की बोटं लिव्हरच्या टोकाकडे येतात आणि तोच ब्रेक निम्म्या कष्टात लागल्यासारखा वाटतो. ड्रॉपपर्यंत वाकणं जड जात असेल तर हँडलबारच लहान, कमी खोलीचा घ्या. केबल आणि आउटर बदला, वर म्हटलं तेच कारण.

हे सगळं करूनही दुखत असेल तर तुमच्यासाठी हायड्रॉलिक डिस्क ही चैन म्हणता येणार नाही. तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये केबलचं घर्षण नाही, एका बोटाने सायकल थांबते, आणि तासभर उतरल्यावरही हातात ताकद शिल्लक असते. डिस्क आणि रिमच्या वादात थांबण्याचं अंतर, वजन, दिसणं यांवर सगळे बोलतात. हाताच्या थकव्यावर बोलणारे कमी, कारण बोलणाऱ्यांचे पंजे बहुधा मोठे असतात. घाट उतरण्याची तुमची भीती ही भित्रेपणाची नव्हती, ब्रेक पूर्ण दाबता येत नसल्याची होती. योग्य लिव्हर हाताशी आली की ती जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

प्रश्न : डिस्क एवढी चांगली तर मग शर्यतीतल्या सायकलपटूंनी तिला इतका विरोध का केला? फिरता रोटर पाय कापतो म्हणे.

विरोधाला कारणं होती. जागतिक सायकल संघटना यूसीआयने २०१५ मध्ये रोडच्या शर्यतींत डिस्कची चाचणी सुरू केली. एप्रिल २०१६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूच्या पायाला खोल जखम झाली, ती रोटरने झाली असं त्याने जाहीरपणे सांगितलं आणि चाचणी थांबवली गेली. नंतर रोटरच्या कडा गोल करायला लावून ती पुन्हा सुरू झाली. २०१७ च्या जानेवारीत टॉम बूननने डिस्कवर शर्यतीचा एक टप्पा जिंकला, त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये मार्सेल किटलने डिस्कवर टप्पा जिंकला, आणि २०१८ मध्ये पूर्ण परवानगी मिळाली.

दुसरी कारणं वजनाची आणि वेळेची. त्याच दर्जाची डिस्क सायकल रिमच्या सायकलीपेक्षा काही शे ग्रॅमनी जड भरायची आणि यूसीआयची किमान मर्यादा ६.८ किलो असताना चढावरच्या खेळाडूंना तो जास्तीचा भार नको होता. पंक्चर झालं की थ्रू ॲक्सल फिरवून काढायला क्विक रिलीजपेक्षा, म्हणजे खटका उघडून चाक काढण्याच्या जुन्या सोयीपेक्षा, जास्त सेकंद जातात. म्हणून २०१९ ची टूर एगान बर्नालने आणि २०२० ची तादेय पोगाचारने रिम ब्रेकवरच जिंकली. पुढे फ्रेम हलक्या झाल्या, टायर रुंद झाले आणि उरलेले संघही वळले.

तुमच्या-आमच्यासाठी यातलं लागू पडतं ते एवढंच की शेदीडशे जणांच्या घोळक्यात पडण्याचा धोका आपल्याला नाही. रोटरची खरी भीती घरी आहे : सायकल स्टँडवर उलटी ठेवून चाक फिरवत सफाई करताना भोकांत बोट अडकण्याची. ते चाक थांबवूनच पुसा. घरात लहान मूल असेल तर त्याला फिरत्या चाकाजवळ बसू देऊ नका.

प्रश्न : केबलवर चालणारी डिस्क घ्यावी का? तेलाची भानगड नको वाटते.

रिकाम्या प्रदेशात लांबवर जाणार असाल, केबल स्वतः बदलायची असेल, तर घ्या; पण दोन्ही बाजूंचे पॅड हलणारीच घ्या. एकाच बाजूचा पॅड हलणाऱ्या प्रकारात रोटर दरवेळी वाकवून दुसऱ्या पॅडवर टेकवला जातो, आणि पॅड झिजत गेले की हाताने जुळवत बसावं लागतं. हायड्रॉलिकमध्ये पिस्टन आपोआप पुढे सरकतात. राहिली तेलाची भानगड, तर ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा ब्लीडिंग करण्याची, म्हणजे आत शिरलेली हवा काढून तेल बदलण्याची आहे. लक्षात ठेवायचं ते एकच : ब्रेकवर मिनरल ऑइल लिहिलं असेल तर मिनरल ऑइल, डॉट (ब्रेकचा दुसऱ्या प्रकारचा द्रव) लिहिलं असेल तर डॉट. एकात दुसरं घातलंत तर आतले रबरी सील फुगून ब्रेक कामातून जातो. डॉट हवेतलं पाणी शोषतं आणि रंगही खातं, म्हणून ते वेळेवर बदला आणि फ्रेमवर सांडलं तर लगेच पुसा.

प्रश्न : माझी उत्तम रिम ब्रेकची सायकल आहे, सात वर्षांची. नव्या सायकली बघते तर सगळ्या डिस्कच्या. सुटे भाग मिळेनासे होण्याआधी विकून टाकू का?

सायकल तुम्हाला आवडत असेल तर विकू नका. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. कंपन्यांचा ओढा डिस्ककडे आहे हे खरंच. शिमानो कंपनीच्या १०५ नावाच्या गिअर-ब्रेकच्या मालिकेचा १२ स्पीडचा संच निघाला तो डिस्कसाठीच निघाला. पण रिम ब्रेकला रोज लागतं काय? पॅड, केबल, आउटर. जगभर रिम ब्रेकच्या एवढ्या सायकली चालू आहेत की या तीन वस्तू सहजासहजी संपणार नाहीत. कॅलिपर नीट जपला तर कितीतरी वर्षं जातो, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

दुर्मिळ होत जाणार ती चांगली रिम. ब्रेकची पट्टी असलेल्या, हलक्या, मजबूत ॲल्युमिनियम रिमचे प्रकार कमी होत चाललेत, आणि रिम ब्रेकमध्ये पॅडबरोबर रिमही झिजत असते. तेव्हा सायकल विकण्याच्या विचारात घालवणार तो वेळ यात घाला : तुमच्या हबला किती भोकं आहेत ते मोजा, तेवढ्याच भोकांची एक जोडी रिम आत्ताच घेऊन कागदात गुंडाळून ठेवा, आणि आजच सध्याच्या रिमवर पोलादी पट्टी टेकवून बघा. झिजेची खूण म्हणून रिमवर बारीक खाच किंवा ठिपका दिला असेल, तो अजून दिसतोय का तेही पाहा. पुसला गेला असेल तर नवी जोडी गुंडाळून ठेवायची गरज नाही, सरळ चाकात घाला.